खुंटा पक्का, दावं लांब : पोरीला घरी शिकवतानाचं आमचं पहिलं वर्ष

मागच्या वर्षी मार्चमध्ये आम्ही स्वराला शाळेतून काढलं. तेव्हा ती साडेपाच वर्षांची, केजी टू संपत आलेलं, शाळा तालुक्याच्या गावाला, आमच्या गावापासून १९ किलोमीटर. व्हॅन पावणेसातला फाट्यावर यायची म्हणजे पोरीला साडेपाचला उठवायचं, थंडीत अंगावर पाणी घालायचं, ती झोपेतच दूध प्यायची आणि बरेचदा व्हॅनमध्ये ते उलटायचं. दुपारी दोनला घरी, जेवायची आणि मग होमवर्क, वन टू हंड्रेड, कॅपिटल स्मॉल, क ते ज्ञ दोन दोन वेळा. शाळेचं नाव घ्यायचं नाही मला, तिथल्या मॅडमही वाईट नव्हत्या, पण एका वर्गात ५० च्या वर लेकरं असली की मॅडम तरी काय करतील. दिवाळीनंतर पोरगी बोलायचीच कमी झाली. आमची स्वरा म्हणजे गावात कोणाच्या घरी काय भाजी आहे ते सांगत फिरणारी, ती कोपऱ्यात बसून नखं खाऊ लागली, रात्री गादी ओली व्हायला लागली. फेब्रुवारीत एक दिवस व्हॅनचा हॉर्न ऐकून ती कोठ्यात गाईच्या मागं जाऊन लपली, तेव्हा ह्यांनी मला म्हटलं, बस झालं.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीच्या बाजूला. कापूस, तूर, सोयाबीन, थोडा चणा. घरात मी, हे, सासू सासरे, स्वरा, दोन बैल, एक गाय. मी डी.एड. झालेली, लग्नाआधी दोन वर्षं एका प्रायव्हेट शाळेत शिकवलेलं. म्हणून मला वाटलं की घरी शिकवणं म्हणजे माझ्यासाठी सोपं काम आहे. ते सोपं नव्हतं आणि डी.एड.मुळेच जास्त अवघड गेलं, कारण मला शिकवणं म्हणजे शाळा हेच माहीत होतं.

एप्रिलच्या पहिल्याच सोमवारी मी सुरू केलं. नागपूरहून व्हाइटबोर्ड आणला होता, सपरीत, म्हणजे ओसरीत, खिळे ठोकून लावला, स्केचपेननं टाइमटेबल बनवलं, नऊ ते पावणेएक, ३५ मिनिटांचे तास, मध्ये दहा मिनिटं छोटी सुट्टी. प्रार्थना पण ठेवली होती. पहिले दोन दिवस तिला मजा वाटली. तिसऱ्या दिवसापासून ती पेन्सिलीला टोक करायला लागली की पाच मिनिटं टोकच करत बसायची, पाणी प्यायला उठली की यायची नाही, मग मी ओरडायची, मग ती रडायची, मग मी अजून कडक. अकराव्या दिवशी बेरीज चालू होती, तीन अधिक चार, खडे समोर मांडलेले, आणि ती खाली मान घालून हळूच म्हणाली, मॅडम, मी घरी जाऊ का?

घरातच बसली होती ती. स्वयंपाकघर पाच पावलांवर. मला मॅडम म्हटलं तिनं. मी तिला जवळ घेतलं आणि आम्ही दोघीही रडलो, मग मी तो बोर्ड काढून धान्याच्या कोठीच्या मागं ठेवून दिला.

त्यानंतर अडीच महिने आम्ही काहीच केलं नाही. काहीच म्हणजे खरंच काही नाही. ज्यांनी आधी हे केलंय अशा पालकांकडून ऐकलं होतं की शाळेतून काढलेल्या लेकराला आधी शाळा अंगातून उतरू द्यावी लागते, जेवढी वर्षं शाळेत गेलं तेवढे महिने तरी. मला वाटत होतं लेकराची शाळा उतरायची आहे, प्रत्यक्षात माझी जास्त उतरायची होती. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर, दुपारी कुत्रं पण रस्त्यावर नाही, आणि मी कूलरसमोर पडून हिशोब करत राहायची की आता बाकीची लेकरं कुठपर्यंत पोचली असतील. अरे, सगळ्यांनाच सुट्ट्या होत्या, शाळा बंद होत्या, आमच्याकडे विदर्भात तर उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, जून संपता संपता, तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

आणि सासूबाई. त्यांचं रोजचं एकच. "काहून वं, पोरीले घरी बसवून रायली का तू? लोकं काय म्हनतीन, मास्तरीन सून आनली अन् नात अडानी राह्यली." त्यांचं चुकीचं नव्हतं. त्या स्वतः तिसरीत असताना त्यांना निंदायला, म्हणजे वावरातलं तण काढायला, पाठवलं गेलं आणि मग शाळा सुटली ती सुटलीच. पोरीनं घरी राहणं म्हणजे त्यांच्यासाठी तेच दिवस परत येणं. हे मला फार उशिरा कळलं, कुरोड्या घालताना एक दिवस त्यांनी सांगितलं तेव्हा. त्याआधी मी उगाच उलट बोलली होती, त्याचं वाईट वाटतं.

पण त्याच कुरोड्यांच्या दिवसांत एक गोष्ट दिसली. स्वरा खाटेवर वाळत घातलेल्या कुरोड्या रांगेनं मोजत होती, एका रांगेत आठ, मग दुसऱ्या रांगेचे आठ, मग तिनं रांगा मोजल्या आणि आजीला म्हणाली, आठ आठच्या पाच रांगा आहे, कावळ्यानं दोन नेल्या. तीन अधिक चारला रडणारी पोरगी. मी काही बोलली नाही, फक्त घरातल्या एका जुन्या डायरीत तारीख टाकून एक ओळ लिहिली. ती डायरी अजून चालू आहे, रोज एकच ओळ, जास्त नाही.

रुटीनचं डोकं आमच्या आबांनी दिलं, म्हणजे सासऱ्यांनी, आणि ते त्यांना माहीत पण नाही. जूनमध्ये गाईचं वासरू बांधायला शिकवत होते ते स्वराला, मी शेण काढून राहिली होती. माझ्याकडे बघून म्हणाले, "हे पाय सूनबाई, खुंटा पक्का ठोकला का दावं लांब ठेवाचं. आखूड ठेवलं त वासरू जागच्या जागी फिरते अन् गुतते. अन् खुंटाच ढिला असला त लोकाच्या वावरात जाते." वासराबद्दलच बोलत होते ते. मी मात्र रात्रभर त्याच विचारात. माझ्या टाइमटेबलमध्ये खुंटे किती होते, सहा तासांचे सहा, आणि दावं वीतभर. आणि नंतरच्या अडीच महिन्यांत खुंटाच नव्हता.

मग मी घड्याळ सोडून दिलं. आमच्या गावात घड्याळावर तसंही काही चालत नाही, नळ एक दिवसाआड येतो आणि त्याला वाटेल तेव्हा येतो, वावरातली थ्री फेजची लाइन काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री, रात्रीची असली की हे पाणी ओलायला जातात आणि सकाळी घर उशिरा उठतं, तूर भरात आली की रानडुकरांमुळे जागलीला जावं लागतं. अशा घरात "९ ते ९.३५ मराठी" कसं टिकणार. म्हणून मी वेळ नाही धरली, रोज घडतंच अशा गोष्टी धरल्या. तीन खुंटे. सकाळचा चहा झाला की सपरीत वाचन. दुपारचं जेवण झालं की सगळे आडवे होतात तेव्हा गोष्ट. आणि संध्याकाळी गाय येते त्या वेळी आबांसोबत कोठ्यात, मग तिथं काय होईल ते होईल. चहा सातला झाला तर वाचन सातला, नऊला झाला तर नऊला. बाकी सगळा दिवस तिचा.

सकाळचं वाचन आधी दहा मिनिटंच होतं, आता वीस पंचवीस मिनिटं चालतं. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पहिलीचं मी तालुक्याला झेरॉक्स करून आणलं. त्यात अक्षरं क ख ग घ अशी ओळीनं येत नाहीत, गटागटानं येतात, म्हणजे चार अक्षरं आली की लगेच शब्द बनतात. मी हे डी.एड.ला शिकली होती पण शाळेत सगळे क ते ज्ञ घोकून घेतात म्हणून मी पण तेच करत होती. आता आम्ही गटानं गेलो, आणि शब्द आमचे घेतले, गाय, बाबा, वावर, पराटी, सरकी, तूर. "पराटी", म्हणजे कपाशीचं झाड, हा शब्द तिनं स्वतः वाचला तेव्हा धावत जाऊन कुंपणाजवळून एक वाळकी काडी घेऊन आली, ही बघ पराटी. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीवर आहे, त्यावर मराठीत पुष्कळ गोष्टी फुकट आहेत, मी फोनवर डाउनलोड करून ठेवते कारण आमच्याकडे नेटवर्क पाण्याच्या टाकीपाशीच मिळतं. पण दुपारच्या गोष्टीला फोन फार कमी दिवस लागला. आजीनं सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा मी बाळंत जावेकडे गेली होती त्या दोन दिवसांत, आणि मग ती दुपार त्यांचीच झाली, मला आता तिथं कोणी विचारत नाही. लोकं काय म्हनतीन हे बोलणं तेव्हापासून कमी झालं.

गणितात आमचं एक मोठं अडलं होतं ते सांगते, कारण हे बऱ्याच घरात होतं आणि लेकराला मूर्ख ठरवतात. स्वरा २७ ला ७२ लिहायची. रोज. मी दहा वेळा लिहून घेतलं तरी तेच. मग एकदा शांतपणे विचार केला की आपण म्हणतो काय, सत्तावीस, म्हणजे सात आधी ऐकू येतो आणि वीस मागून. ती जसं ऐकते तसंच लिहून राहिली होती, सात मग दोन. आणि एकोणतीस तर अजूनच, नाव तीसचं आणि लिहायचे २ आणि ९. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात वीस सात, सत्तर दोन असं वाचायची पद्धत दिली होती तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, मी पण तेव्हा विरोधात बोलत होती, मराठी बुडवायला निघाले म्हणून. आज मला ते पटतं. आम्ही दोन्ही बोलतो, आधी वीस सात, मग त्याचं नाव सत्तावीस. दहा दहा काड्यांच्या जुड्या आणि सुट्या काड्या, तुरीच्या काड्या घरात पडलेल्याच असतात. महिनाभरात गोंधळ गेला. आजीला अजून वीस सात आवडत नाही, ती सत्तावीसच म्हणते, ठीक आहे.

आणि खरं गणित झालं तान्ह्या पोळ्याला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरं लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे बैलाच्या नावानं खाऊचे पैसे, मागतात. आबांनी तिला सागाचा छोटा बैल करून दिला होता चाकांचा, तिनं त्याला स्वतः झूल शिवली, म्हणजे मी शिवली आणि तिनं टिकल्या लावल्या. संध्याकाळी फ्रॉकच्या खिशात नाण्यांचा ढीग. एक, दोन, पाच, दहा, काही वीसच्या नोटा. तिनं सगळं जमिनीवर पसरलं आणि दीड तास मोजत बसली. चुकली, परत मोजलं, परत चुकली, मग तिनंच दहा दहाचे ढीग केले. १४३ रुपये. मी फक्त दिवा लावून दिला कारण लाइट गेली होती.

वर्षभर असंच छान चाललं असं सांगितलं तर ते खोटं होईल. वेचणीच्या दिवसांत सगळं मोडलं. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, झाली, कापसाची वेचणी सुरू झाली, मजूर मिळेना, मी पण सकाळी आठला वावरात, सकाळचा खुंटा गेला तो सव्वा महिना गेला. दुपारी वावरातच बोरीखाली जेवण, आणि स्वरा मजूर बायांच्या लेकरांसोबत धुऱ्यावर. मला रात्री झोप येईना, परत तेच, मागं पडली, मागं पडली. एक दिवस रात्री थकलेली असताना मी तिला जबरदस्तीनं पाटी घेऊन बसवलं आणि हातावर मारलं. तिनं नखं खायला परत सुरुवात केली, चार दिवस. त्यानंतर ह्यांनी आणि मी बसून ठरवलं की वेचणीत एकच खुंटा, रात्रीची गोष्ट, बाकी सगळं सोडायचं आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. यंदा पेरणीच्या वेळी पण तसंच केलं.

पण त्याच दिवसांत एक झालं. ती वजनाजवळ उभी राहायची, कोणाचा किती कापूस भरला ते आबांना सांगायची आणि आबा वहीत लिहायचे. एकदा तिनं विचारलं, आपला कापूस जातो कुठं? मला तिला दाखवायचंच होतं. घरी बोंडातून काढलेला कापूस घेऊन आम्ही दोघींनी बोटानं सरकी काढली, दोन दिवस लागले, मग किराणावाल्याकडे जाऊन वजन केलं. तीनशे ग्रॅम कापसातून रुई जेमतेम शंभर ग्रॅम, बाकी सरकी. तिला वाटलं होतं पिशवी भरून दिसते ती रुई जास्त भरेल. मग जानेवारीत आम्ही तिला सेवाग्रामला घेऊन गेलो, ती रुई कागदात गुंडाळून सोबत. तिथं सूत कातताना बघितलं तिनं, धागा निघताना तोंड उघडं ठेवून बघत होती. एका ताईंनी तिच्या रुईचा धागा काढून दाखवला, तो तिनं बोटाला गुंडाळून घरी आणला.

मला तिथं बसून वेगळंच वाटत राहिलं. गांधीजी १९३६ मध्ये तिथं राहायला आले आणि १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तीच नई तालीम, हातानं काम करत करत मातृभाषेतून शिकायचं. हे सगळं मी डी.एड.ला पाच मार्कांच्या टिपेसाठी पाठ केलं होतं. आमच्या घरापासून दीड दोन तासावर घडलेली गोष्ट, आणि आमच्या घरात कापूस पिढ्यान्पिढ्या, तरी मला कधी सुचलं नाही की लेकरू त्यातून शिकू शकतं. मी मार्क घेऊन मोकळी झाली होती.

आता शाळेचं आणि कायद्याचं, कारण सगळे हेच विचारतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, ६ ते १४ वयाच्या लेकरांसाठी. त्यात लेकराला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय पण न घातलं तर पालकांना अमुक शिक्षा असं नाही, आणि होमस्कूलिंग हा शब्दच त्यात नाही. मला धीर आला तो कलम ४ मुळे, शाळेत न गेलेलं लेकरू नंतर आलं तर त्याला वयानुसार वर्गात घ्यायचं आहे. म्हणजे दार बंद होत नाही. पुढं परीक्षांसाठी एनआयओएसचे, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळेचे, ए, बी, सी लेव्हल आहेत, तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे, आणि आपल्या राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ पण आहे, तिथं पाचवीला बसायला १० वर्षं पूर्ण लागतात. आम्हाला अजून वेळ आहे.

पण गावातल्या जिल्हा परिषद शाळेचा प्रश्न कायद्यानं सुटत नाही. चौथीपर्यंत शाळा, एकूण १३ लेकरं, गुरुजी मनापासून शिकवणारे. जुलैमध्ये ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, ताई, नाव तरी टाका, पट वाढेल, पट कमी झाला की उद्या शाळाच राहणार नाही. मी त्यांना काय उत्तर देऊ. स्वरा तेव्हा कोणत्याही शाळेच्या फाटकापर्यंत गेली की माझ्या साडीचा पदर घट्ट धरायची. मी त्यांना ते खरं सांगितलं. नुसतं नाव टाकून पोरगी घरी ठेवणं मला बरोबर वाटलं नाही. मग मीच म्हटलं की मी शनिवारी येते, लेकरांना वाचून दाखवते, स्वरा माझ्यासोबत येईल. शनिवारी दप्तर नसतंच. ऑगस्टपासून जाते. पहिले तीन शनिवार ती माझ्या मांडीवर, चौथ्या शनिवारी पोरींसोबत लंगडीत. आता ती शुक्रवारीच विचारते उद्या शनिवार ना. कदाचित दुसरीत, तिसरीत ती स्वतःच म्हणेल की मला रोज जायचं आहे, आणि म्हणाली तर मी नाव टाकीन. गुरुजींच्या पटाचं मात्र माझ्या मनाला लागून आहे, तेरापैकी दोन पोरं यंदा पाचवीला दुसऱ्या गावी गेली.

इंग्रजीचं मी अजून काही धरलेलं नाही. पाहुणे आले की हमखास विचारतात, स्पेलिंग येतं का. येत नाही. ती मराठी सलग वाचायला लागली की मग, ती वेळ आता जवळ आलीय.

व्हाइटबोर्ड कोठीच्या मागून बाहेर निघाला, पण आबांसाठी. कोठ्याच्या भिंतीला लावलाय, त्यावर दुधाचा हिशोब. स्वरा आता पावणेसात वर्षांची, आकडे तीच लिहिते, आबा सांगतात साडेतीन लिटर, तिनं तीन लिहून बाजूला अर्धं भांडं काढलं होतं, मग मी तिला साडेतीन कसं लिहायचं ते दाखवलं. तिनं ते चालवून घेतलं पण भांडं अजून काढतेच.

गेल्या मंगळवारी पाऊस बरा झाला आणि आम्ही सगळे सरकी टोबायला गेलो. तिला एक पूर्ण तास, म्हणजे सरकीची एक ओळ, दिलं होतं, दोन दोन बी, वीतभर पुढं, परत दोन. दुपारी पाठ धरली माझी, रात्री डायरी लिहायची पण ताकद नव्हती. तिनं ती ओढून घेतली आणि चुलीपाशी बसून बराच वेळ लिहीत होती. सकाळी बघितलं तर तारखेखाली तिच्या अक्षरात, ओळ वर खाली गेलेली,

पाउस आला. आमी सरकी टोबली. एका जागी दोन. आईची पाट दुकते.